चाळीतला कांदा आणि फुप्फुसातला जंतू

निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांना एप्रिलमध्ये टीबी निघाला. उन्हाळ कांदा काढायच्या ऐन धांदलीत. मी भेटायला गेले तेव्हा गोळ्या सुरू होऊन सात आठवडे झाले होते. खोकला थांबला होता, संध्याकाळचा ताप गेला होता, दोन भाकरींच्या तीन झाल्या होत्या. कांदा साठवायच्या चाळीच्या सावलीत खाट टाकून ते बसले होते. मला बघताच म्हणाले, "अगं, तू कॉलेजात जंतूच शिकवतेस ना? मग एक सांग. टायफॉइड झाला तेव्हा दोन आठवड्यांत औषध संपलं. ह्याला सहा महिने कशाला? मला तर आता काहीच होत नाही. औषध कमजोर आहे का?"

गोळ्या मध्येच सुटतात त्या बऱ्याचदा ह्याच वळणावर. त्रास संपलेला असतो, कामं खोळंबलेली असतात, गोळ्यांनी मळमळत असतं. अशा माणसाला "डॉक्टर सांगतात म्हणून घ्या" एवढंच सांगणं मला पटत नाही. खरं उत्तर जंतूच्या पोटात आहे. तो काय खातो, कधी खातो आणि खाणं थांबलं की काय करतो, हे कळलं की सहा महिन्यांचा हिशेब आपोआप कळतो.

मी मामांना उलट विचारलं, "हा चाळीतला कांदा जिवंत आहे की मेलेला?"

"जिवंत. मेला असता तर सडला असता."

"मग वाढतो का?"

"वाढतोय कुठं. झोपलाय. पावसाळी ओल लागली की कोंब काढील."

"झोपेत श्वास घेतो?"

मामांना विचार करावा लागला नाही. "घेतो की. म्हणून तर घट येते. आत्ता भरलेला शंभर क्विंटल दिवाळीला शंभर भरत नाही."

घट येते त्यात सडही असते आणि पाणी उडून जाणंही असतं, पण एक हिस्सा श्वासाचा असतो हे खरं. आत साठवलेली साखर कांदा हळूहळू जाळत राहतो. जिवंत आहे, वाढत नाही, श्वास मात्र चालू आहे. टीबीच्या जंतूचं निम्मं कोडं मामांच्या ह्या तीन उत्तरांत होतं.

हा जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी शोधला. २४ मार्च १८८२ रोजी त्यांनी बर्लिनमध्ये तो जाहीर केला, म्हणूनच २४ मार्चला क्षयरोग दिन पाळतात. जिवाणूंच्या दुनियेत हा फार संथ जीव आहे. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी १८ ते २४ तास लागतात. म्हणूनच बेडका 'कल्चर'ला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून बघायला, पाठवला की उत्तर यायला कित्येक आठवडे जातात. प्रयोगशाळा ढिली नसते, जंतूच उगवायला वेळ घेतो. त्याच्याभोवती मेणासारख्या चरबीचं जाड कवच असतं. त्यातलं मुख्य द्रव्य मायकोलिक आम्ल. ह्या कवचामुळे बरीच साधी अँटिबायोटिक्स आत शिरूच शकत नाहीत.

आता चयापचय. शब्द जड आहे, अर्थ घरगुती आहे. खाल्लेल्याचं काय झालं, त्यातलं किती जाळलं, किती अंगी लागलं, किती साठवलं आणि किती फेकलं, ह्या सगळ्या हिशेबाला चयापचय म्हणतात. शेताच्या जमाखर्चासारखाच हा मामला. पैसा नुसता आला म्हणून भागत नाही, तो वेळेवर आणि योग्य खात्यावर जावा लागतो.

टीबीचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात जातो आणि तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. गिळलेला जंतू पचवून टाकणं हेच त्या पेशींचं काम. हा मात्र पेशीच्या आतल्या पचनाची जोडणीच अडवून धरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. तिथे साखर थोडी, चरबी आणि कोलेस्टेरॉल भरपूर. १९९८ साली ह्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. सुमारे ४४ लाख अक्षरं, जवळपास ४,००० जनुकं. त्यात चरबीचं काम करणारी विकरं, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं उरकणारी प्रथिनं, साधारण २५० निघाली, ई. कोलायमध्ये ती ५० च्या आसपास आहेत. हा जीव चरबी खायलाच घडलेला आहे, हे त्या यादीतूनच दिसत होतं.

पण नुसत्या चरबीवर जगण्यात एक अडचण असते. चरबीचे तुकडे पेशीतल्या एका चक्रात जाळले जातात. प्रत्येक फेरीत दोन कार्बन आत येतात आणि दोन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. ऊर्जा मिळते, पण बांधकामाला माल उरत नाही. जंतूला तर नवी भिंत हवी, नवी जनुकं हवीत. म्हणून त्याच्याकडे एक आडवाट आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरची गाडी नाशिकला द्वारकेच्या चौकात न उतरता उड्डाणपुलावरून सरळ पुढे निघते, तसा चक्रातले कार्बन उडवणारे दोन टप्पे टाळून तो पुढे जातो आणि कार्बन वाचवतो. ह्या पुलाच्या तोंडाशी जे विकर काम करतं त्याचं नाव आयसोसायट्रेट लायेज. माणसाच्या पेशीत ही वाटच नाही. २००० साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात हे विकर नसलेले जंतू सुरुवातीला नेहमीसारखे वाढले, पण पुढे शरीराने प्रतिकार उभा केल्यावर त्यांना टिकून राहता आलं नाही. संसर्गाचा पहिला महिना आणि पुढचे महिने ह्यांतला जंतू एकच असला तरी त्याचा स्वयंपाक वेगळा असतो, हे त्यातून लख्ख दिसलं.

शरीराने प्रतिकार उभा केला म्हणजे काय? संसर्गाभोवती पेशींची गाठ तयार होते. गाठीच्या आत रक्त नीट पोचत नाही, प्राणवायू कमी पडतो. टीबीच्या जंतूला वाढायला प्राणवायू लागतोच. दुसरा जीव असता तर गुदमरून मेला असता. हा सुमारे ५० जनुकांचा एक संच एकदम चालू करतो, विभाजन थांबवतो आणि निजतो. बंद नळीत प्राणवायू हळूहळू संपू दिला तर हे जंतू असे निजतात आणि हवा परत मिळाली की वाढू लागतात, हे प्रयोगशाळेत अनेकदा पाहिलं गेलं आहे. निजण्याआधी तो आणखी एक गोष्ट करतो: मिळालेल्या चरबीचे थेंब स्वतःच्या पोटात साठवतो. कणगी भरून मग दार लावल्यासारखं. चरबी साठवण्याचं मुख्य विकर काढून टाकलेले जंतू अशा अडचणीतही धड निजत नाहीत आणि औषधाने लवकर मरतात.

इथे औषधाचा प्रश्न येतो.

टीबीच्या पहिल्या फळीतली चार औषधं मामा एकाच गोळीत घेत होते: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आहे. ते मायकोलिक आम्लाचं, म्हणजे त्या मेणकट भिंतीचं बांधकाम बंद पाडतं. भरभर वाढणाऱ्या जंतूंवर त्याच्यासारखं दुसरं औषध नाही, पहिल्या काही दिवसांतच ते बहुसंख्य जंतू मारतं. मामांचा खोकला थांबला त्यात त्याचा मोठा वाटा. पण जो जंतू भिंत बांधतच नाही, त्याचं बांधकाम बंद पाडून काय होणार? निजलेल्याच्या अंगावरून हे औषध नुसतं निघून जातं. इथॅम्ब्युटॉलही भिंतीवरच काम करतं, तिथेही तोच प्रकार.

रिफाम्पिसिन जनुकांची नक्कल काढणाऱ्या यंत्राला जाम करतं. निजलेला जंतूही अधूनमधून थोडा वेळ जागा होतो, तेवढ्यातही ते त्याला गाठतं. पायराझिनामाइड सगळ्यांत विचित्र. प्रयोगशाळेतल्या साध्या माध्यमात ते जवळपास निकामी असतं. आम्लता असेल तिथेच त्याचा जोर चालतो आणि संथ पडलेल्या जंतूंवर तो जास्त चालतो. सुजलेल्या, आम्लधर्मी झालेल्या जागेत लपलेल्यांना हेच औषध काढतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेनिस मिचिसन ह्यांनी ही मांडणी नीट केली: एकाच रुग्णाच्या छातीत जंतूंची वेगवेगळी वस्ती असते, कुणी धावणारे, कुणी रेंगाळणारे, कुणी निजलेले, आणि प्रत्येक औषधाचा हात वेगळ्या वस्तीवर चालतो.

म्हणून पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. पहिल्या दोन महिन्यांत धावणारे मरतात आणि माणूस बरा वाटू लागतो. पुढचे चार महिने निजलेल्यांसाठी असतात. त्यातला एकेक कधी जागा होईल त्याचा नेम नाही, आणि ज्या दिवशी तो जागा होईल त्या दिवशी रक्तात औषध असायलाच हवं. मामांना मी हे असंच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे राखण." हा शब्द मला सुचला नव्हता.

आता जो भाग बहुतेक ठिकाणी गोंधळून सांगितला जातो तिकडे येते. निजलेला जंतू औषधाने मरत नाही, ही त्याची सहनशीलता. तो जागा झाला की तेच औषध त्याला मारू शकतं. त्याच्या जनुकात काही बदललेलं नसतं. जंतूचा औषधाला प्रतिकार ही निराळी गोष्ट. प्रतिकार म्हणजे जनुकातच बदल, जागेपणीही औषध लागू नाही, आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांना तो वारसा. कांदा चाळीत निजला म्हणून त्याची जात बदलत नाही, तसंच सहनशीलतेचं. प्रतिकारासाठी मामांना दुसरं उदाहरण द्यायची गरज पडली नाही, कारण चाळीच्या पलीकडे त्यांची द्राक्षबाग आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीसारखा रोग येतो. बागायतदार कधीही एकच आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, औषध लागोपाठ मारत नाही. का? कारण थोड्या फवारण्यांनंतर 'रिझल्ट' येत नाही. मेटॅलॅक्झिल हे डाऊनीवरचं औषध युरोपात आलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याला दाद न देणारा डाऊनी द्राक्षबागांत दिसू लागला. तेव्हापासून ते मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य, म्हणजे पानावरच राहून काम करणाऱ्या, औषधासोबत एकाच पुड्यात येतं. मेटॅलॅक्झिलचा मारा डाऊनीच्या पेशीतल्या नक्कल काढणाऱ्या यंत्रावर असतो. रिफाम्पिसिनचाही तशाच यंत्रावर. पिंपळगावच्या बागेत आणि माणसाच्या फुप्फुसात एकाच जातीची लढाई चालू असते असं मी वर्गात सांगते, तेव्हा शेतकऱ्यांची मुलं चटकन मान डोलावतात.

आकडे बघू. फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिच्यात दहा कोटी किंवा त्याहूनही जास्त जंतू असू शकतात. जंतूचं विभाजन होताना जनुकांची नक्कल उतरवण्यात अधूनमधून चूक होते. ढोबळमानाने दहा लाखांत एक जंतू अशा चुकीमुळे जन्मतःच आयसोनियाझिडला दाद न देणारा असतो. रिफाम्पिसिनसाठी हे प्रमाण दहा कोटींत एक. म्हणजे औषधाचा पहिला घास घेण्याआधीच त्या पोकळीत आयसोनियाझिड न लागणारे शंभरेक जंतू बसलेले असतात. एकटं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे मरतील, माणूस बरा वाटेल आणि ते शंभर मोकळ्या रानात वाढत जातील. दोन्ही औषधं एकदम दिली तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू एकावर चौदा शून्यांत एखादा. एवढे जंतू कुणाच्याही छातीत नसतात. चार औषधं एका गोळीत घालण्यामागे हा सरळ गुणाकार आहे. औषधामुळे जंतू बदलत नाही. आधीच बदललेला जंतू औषध निवडून काढतं, जसं तणनाशकातून वाचलेलंच तण पुढच्या हंगामात बी धरतं.

हा धडा माणसांनी जीव देऊन शिकलेला आहे. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, आणि ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची पद्धतशीर चाचणी घेऊन १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. सहा महिन्यांत औषध घेणारे स्पष्टपणे सुधारले होते. मात्र काही आठवड्यांतच त्यांच्या बेडक्यात औषधाला न जुमानणारे जंतू दिसू लागले होते, आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा औषध मिळालेले आणि न मिळालेले ह्यांच्या मृत्यूंत फार फरक उरला नव्हता. एकटं औषध ही चूक होती. लगेच दुसरं औषध जोडून पुढची चाचणी झाली आणि प्रतिकार एकदम कमी झाला.

टीबीच्या जंतूबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बरेच जिवाणू प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात, शेजाऱ्याकडून विरजण आणावं तशी. टीबीचा जंतू उसनं घेत नाही. त्याचा प्रत्येक प्रतिकार त्याच्या स्वतःच्या जनुकातल्या चुकीतून आलेला असतो, म्हणजे कुठल्या तरी माणसाच्या छातीतच जन्मलेला असतो. तिथून तो हवेतून दुसऱ्याकडे जातो. म्हणूनच एकही गोळी कधी न चुकवलेल्या माणसाला पहिल्याच वेळी एमडीआर, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना न जुमानणारा टीबी निघू शकतो. "तूच गोळ्या सोडल्या असशील" असं त्याला तोंडावर ऐकवणारी माणसं मी पाहिली आहेत. ते चूक आहे आणि क्रूरही आहे.

चयापचय आणि प्रतिकार सगळ्यांत जवळ येतात ते एका चमत्कारिक जागी. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही दोन्ही औषधं शरीरात जातात तेव्हा निरुपद्रवी असतात. जंतूची स्वतःची विकरं त्यांचं विषात रूपांतर करतात. जंतू आपल्याच हाताने आपलं मरण शिजवतो. मग वाचायचं कसं? शिजवणारा हातच मोडायचा.

पायराझिनामाइडच्या बाबतीत हे सोपं पडतं. त्याला विष बनवणारं विकर जंतूला फारसं गरजेचं नाही, त्यामुळे त्याचं जनुक कुठेही, कसंही बिघडलं तरी जंतूचं अडत नाही. प्रतिकारक जंतूंत त्या जनुकात शेकडो वेगवेगळ्या जागी बदल सापडतात ते त्यामुळे. आयसोनियाझिडची गोष्ट वेगळी. त्याला विष बनवणारं विकर, कॅटजी, जंतूची ढालही आहे. भक्षक पेशी जंतूवर पेरॉक्साइडचा मारा करते तेव्हा हेच विकर तो बोथट करतं. ते पुरतं मोडलं तर औषधापासून सुटका होईल, पण शरीर मारील. म्हणून जगभरच्या रुग्णांत एकच बदल पुन्हा पुन्हा दिसतो: त्या विकराच्या ३१५ व्या जागेवरचं एक अमायनो आम्ल बदलतं, औषध शिजवणं जवळपास थांबतं आणि ढाल बऱ्यापैकी शाबूत राहते. लाखो माणसांच्या छातीत स्वतंत्रपणे जंतू ह्याच एका तडजोडीवर येऊन ठेपतो. मला हे दरवर्षी शिकवताना नव्याने थक्क करतं.

तडजोडीला किंमत असते. रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या जंतूचं नक्कल-यंत्र थोडं खटारा झालेलं असतं, तो सुरुवातीला मंद वाढतो. पण वेळ मिळाला तर त्याच यंत्राच्या दुसऱ्या भागात बदल होऊन ती कसर भरून निघते, आणि मग तो साध्या जंतूइतकाच तगडा होऊन पसरतो. वेळ मिळाला तर. एमडीआर रुग्णाचं निदान लांबतं, त्यातला प्रत्येक आठवडा जंतूला ही संधी देतो.

आता सहनशीलता आणि प्रतिकार ह्यांच्यामधला पूल. गेल्या काही वर्षांत सगळ्यांत महत्त्वाचं जे कळलं ते हे की सहनशीलता ही प्रतिकाराची पायरी ठरू शकते. जंतू कोलेस्टेरॉल तोडून खातो तेव्हा प्रोपिओनेट नावाचा उपपदार्थ तयार होतो. तो साचला तर जंतूलाच विषारी, म्हणून त्याची विल्हेवाट लावणारी एक व्यवस्था जंतूकडे असते. २०१८ साली चीनमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंचे जनुकसंच तपासले, तेव्हा ह्या व्यवस्थेचा कारभार पाहणाऱ्या जनुकात बदल झालेले बरेच जंतू निघाले. त्या बदलाने जंतू औषधांना पूर्ण दाद देईनासे झाले नव्हते, पण मरायला जास्त वेळ घेत होते, आणि तेही एकाच नव्हे तर अनेक औषधांच्या बाबतीत. असंच ग्लिसरॉल वापरणाऱ्या एका जनुकाचं. त्यात एकच अक्षर सलग सात वेळा येतं. नक्कल उतरवताना तिथे अक्षर जास्त पडतं, जनुक बंद होतं, जंतू औषध सहन करू लागतो. पुढे कधी ते अक्षर गळून पडलं की जनुक परत चालू. दिव्याचं बटण खालीवर करावं तसं. आणि तो कार्बन वाचवणारा उड्डाणपूल आठवतो? २०१४ मध्ये दिसलं की तो नसलेले जंतू आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तिन्हींनी जास्त लवकर मरतात. औषधाचा मार बसल्यावर पेशीत जी पडझड होते ती आवरायलाही ही वाट उपयोगी पडत होती.

ह्यात भर म्हणून भक्षक पेशीत शिरल्यावर जंतू औषध बाहेर उपसणारे पंप चालू करतो, विहिरीतलं पाणी मोटर उपसते तसे. असे चिवट जंतू जितके दिवस जास्त जगतात तितकी त्यांच्यातल्या एखाद्यात खरी, कायमची चूक घडायची शक्यता वाढते. गोळ्यांत आठवड्याचा खंड पडला की हीच मुदत आपण त्यांना वाढवून देतो.

मग निजलेल्याला निजेतच मारता येईल का? मामांनी सांगितलेलं तिसरं उत्तर इथे कामी येतं: झोपेत श्वास चालू असतो. कांदा कितीही निजला तरी थोडी ऊर्जा जाळतो, जंतूही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं बेडाक्विलीन हे औषध त्या श्वासावरच बोट ठेवतं. पेशीची ऊर्जा तयार करणारी एक फिरती चक्की असते, तिचं चाक ते अडवतं. चक्की बंद तर जागा असो वा निजलेला, जंतू मरतो. लगेच मात्र नाही. पहिले काही दिवस तो शिलकीवर आणि इतर मार्गांनी तग धरतो. साखरेवर वाढवलेले जंतू जास्त टिकतात, चरबीवर वाढवलेले लवकर मरतात, असं प्रयोगात दिसलं, आणि आपल्या शरीरात तर तो चरबीच खात असतो.

बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ह्या चौघांचा सहा महिन्यांचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवला आणि भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. ज्या एमडीआरसाठी आधी दीड-दोन वर्षं औषधं आणि त्यात कित्येक महिने इंजेक्शनं घ्यावी लागत, त्याला आता पात्र रुग्णांत सहा महिने आणि नुसत्या गोळ्या. हे फार मोठं काम झालं आहे. म्हणूनच ते जपायला हवं. बेडाक्विलीन शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळतं. रुग्णाने उपचार मध्येच सोडला तर बाकीची औषधं काही दिवसांत निघून जातात आणि हे एकटंच, कमी मात्रेत, उरतं. एकटं आंतरप्रवाही औषध, तेही पातळ. द्राक्षवाल्याला ह्यापुढचं सांगावं लागत नाही. औषध उपसणाऱ्या पंपावरचा लगाम सुटलेले, बेडाक्विलीनला दाद न देणारे जंतू जगात दिसूही लागले आहेत.

आपल्या नाशिक जिल्ह्यात ह्या सगळ्याला एक खास पैलू आहे. सुरगाणा, पेठकडची माणसं हंगामात दिंडोरी, निफाडच्या बागांवर कामाला उतरतात आणि काम संपलं की परततात. ज्याचे उपचार गावच्या आरोग्य केंद्रात चालू आहेत तो इकडे आला की गोळ्यांत खंड पडायची भीती असते. टीबी रुग्णांच्या 'निक्षय' ह्या सरकारी नोंदणीतला क्रमांक असेल तर गोळ्या देशात कुठल्याही सरकारी केंद्रातून पुढे चालू ठेवता येतात, हे मुकादमांनी आणि बागायतदारांनी कामगारांना आवर्जून सांगावं, असं मला फार वाटतं. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असताना दरमहा मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. ती केवळ दया म्हणून दिलेली नाही. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तेव्हा त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास घटलं, असं २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं. गाठ घट्ट धरून ठेवणाऱ्या आपल्या पेशींनाही खायला लागतं. जंतूच्या जेवणाइतकंच रुग्णाचं जेवणही ह्या हिशेबात आहे.

आणि तपासणी. बेडक्यात जंतू आहे का, एवढंच विचारून भागत नाही. तो कुठल्या औषधाला दाद देतो हेही पहिल्याच दिवशी विचारायला हवं. सीबीनॅट किंवा आपल्याकडे गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट ही यंत्रं दोनेक तासांत जंतूच्या त्या नक्कल-यंत्राच्या जनुकातली ८१ अक्षरांची पट्टी वाचून रिफाम्पिसिन चालेल की नाही सांगतात. प्रतिकाराचे बहुतेक सगळे बदल तेवढ्या पट्टीतच असतात. मामांची ही तपासणी सुरुवातीलाच झाली होती, त्यांचा जंतू साधा निघाला. मामी आणि नातू ह्यांना आजार नाही हे पाहून प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या, कारण मामांबरोबर एका छताखाली राहिलेल्यांच्या छातीतही एखादा निजलेला जंतू असू शकतो.

गणपतीत परत गेले तेव्हा चाळ निम्मी रिकामी झाली होती. काही कांद्यांना कोंब आले होते, मामी ते निवडून बाजूला काढत होत्या. मामांच्या गोळ्यांचे दीडएक महिने राहिले होते. उपचार संपल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासायला जायचं आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. ओटीवरच्या भिंतीला छाटणीनंतरच्या फवारणीचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, कोणत्या दिवशी कोणतं औषध आणि त्याच्या जोडीला काय. त्याच्याच शेजारी, त्याच टाचणीने, गोळ्यांचं कार्ड. त्यावर एकही घर रिकामं नव्हतं.